लग्नाच्या लॉनखालची पाइपलाइन : कामाच्या नोंदी

१९ डिसेंबर

आज जागा पाहून आलो. समुद्रपूर तालुक्यात, जामच्या चौरस्त्यापासून थोडं आत, डांबरी रस्त्याला लागून काकाजींचं वावर आहे. रस्त्याकडचं एकरभर त्यांनी लॉनसाठी काढून ठेवलं. आपल्याकडे लॉन म्हणजे लग्न लावायची जागा. गवत असलं तर असलं. काकाजींना मात्र बारमाही खरी हिरवळ पाहिजे, आणि तिच्या पाण्याची पाइपलाइन मी टाकायची आहे. टेपनं मोजलं तर ४० मीटर लांब आणि २४ मीटर रुंद भरलं, म्हणजे दहा हजार चौरस फुटांच्या थोडं वर. मधोमध गेटपासून स्टेजपर्यंत पेव्हर ब्लॉकचा दीड मीटर रुंद रस्ता होणार आहे. विहीर मागच्या धुऱ्याजवळ, लॉनपासून ९० मीटरवर. मोटर तीन एचपीची.

काम घ्यायला मन कचरत होतं, ते इथे लिहून ठेवतो. दोन वर्षांमागे असंच एक लॉन मी पीव्हीसीवर केलं होतं. एप्रिलमधल्या लग्नात पंगत बसलेली असताना स्टेजच्या बाजूचा पाइप फुटला. काळ्या मातीचा चिखल पहिल्या दोन ओळींच्या पत्रावळींवर उडाला. मुलीचे वडील हात जोडून पाहुण्यांना दुसरीकडे बसवत होते, तो चेहरा अजून डोळ्यांसमोरून जात नाही. पाइप आयएसआयचा होता, जोडही मीच लावले होते. मग फुटला कशानं, हे मी तेव्हा नीट शोधलं नाही. तुकडा बदलून दिला आणि घरी आलो. या वेळी पाइप निवडायच्या आधी या जमिनीत त्याला कोण कोण तोडणार आहे ते एकेक करून शोधायचं आणि तारीख टाकून वहीत लिहायचं, असं ठरवलं आहे.

काकाजींचं म्हणणं सरळ आहे. "पैशाचं नंतर पाहू. पर लग्नात पाइप फुटला तं माही इज्जत जाईन."

२२ डिसेंबर

पाणी मोजलं. दोनशे लिटरचा ड्रम विहिरीच्या काठावर ठेवून मोटर पूर्ण सोडली, ७५ सेकंदांत भरला. म्हणजे मिनिटाला १६० लिटर. मग तोंडाशी व्हॉल्व्ह आणि दाब मोजायचं घड्याळ लावलं. किलो म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर तेवढ्या किलोचा दाब. व्हॉल्व्ह पूर्ण बंद असताना काटा ४.२ किलोवर. मिनिटाला ८० लिटर जाईल एवढा उघडला तेव्हा ३.६ किलो.

गवताचा हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. उन्हाळ्यात दिवसाला ६ मिलिमीटर धरलं तर ९६० चौरस मीटरला ५,७६० लिटर लागतं. मे महिन्यात त्याहून जास्त द्यावं लागेल, पण विहिरीत तेवढं आहे.

२७ डिसेंबर

रात्री बसून मांडणी केली. जमिनीतून वर येणारे आणि पाणी थांबलं की परत खाली बसणारे पॉप-अप तुषार घ्यायचे, म्हणजे लग्नाच्या वेळी कुणाच्या पायात येणार नाहीत. तीन रांगा, प्रत्येक रांगेत पाच, दोन तुषारांत १० मीटर, दोन रांगांत १२ मीटर. कोपऱ्यातले पाव फिरणारे मिनिटाला ५ लिटरचे, कडेचे अर्धे फिरणारे १० लिटरचे, मधले पूर्ण फिरणारे २० लिटरचे. बेरीज १६० लिटर. दोन्ही कडांच्या रांगा मिळून ८०, मधली रांग एकटी ८०. दोन पाळ्या बरोबर पडतात, प्रत्येकी ३६ मिनिटं. सकाळी सव्वा तासात लॉन भिजून मोकळं.

आता विहिरीपासूनची मुख्य लाइन. काकाजींच्या घरी ३२ मिलिमीटरचं एक बंडल पडून आहे, तेच वापरा म्हणाले. हिशेब करून दाखवला. ३२ च्या पाइपाचा आतला व्यास २७ मिलिमीटर. त्यातून मिनिटाला ८० लिटर न्यायचं तर पाणी सेकंदाला २.३ मीटरनं पळतं आणि ९० मीटरमध्ये घर्षणातच २० मीटर दाब खाऊन टाकतं, म्हणजे दोन किलो. तुषारापाशी दीड किलो उरलं तर तो नुसता लाळेसारखा गळेल. त्याला तीन किलो पाहिजे. तेच पाणी ५० मिलिमीटरच्या पाइपातून नेलं तर वेग ०.९ मीटर आणि नुकसान पावणेदोन-दोन मीटर, म्हणजे किलोचा पाचवा भाग.

आकार दाबासाठी म्हणून मोजला, पण टिकाऊपणाही इथूनच सुरू होतो. पाणी जितकं वेगानं पळेल तितका ते अचानक अडल्यावर धक्का मोठा.

२८ डिसेंबर

तो धक्का मोजला. रशियन शास्त्रज्ञ निकोलाय झुकोव्हस्की यांनी १८९८ साली मॉस्कोच्या पाणीपुरवठ्याच्या नळांवरचं काम छापलं, तेव्हापासून हे सूत्र वापरात आहे: वाहतं पाणी एकदम थांबलं की वाढणारा दाब हा पाण्याचा वेग आणि त्या पाइपातून धक्क्याची लाट ज्या वेगानं धावते तो वेग, या दोन्हींवर ठरतो. कडक पाइपात लाट जोरात धावते, लवचिक पाइपात हळू, कारण पाइपच थोडा फुगून धक्का पोटात घेतो. पातळ पीव्हीसीत लाट सेकंदाला तीनशे मीटरच्या आसपास, एचडीपीई या लवचिक काळ्या प्लॅस्टिकच्या पाइपात दोनशेच्या आसपास. आपल्या ०.९ मीटर वेगाला पीव्हीसीत पावणेतीन किलोचा धक्का, एचडीपीईत पावणेदोन-दोन किलोचा.

बंद व्हॉल्व्हचा दाब ४.२ आणि वर पावणेतीन, म्हणजे जवळपास सात. मी तेव्हा त्या लॉनला सहा किलोचा, म्हणजे तेवढा दाब सोसणारा पीव्हीसी टाकला होता. मोटरचा दाब पाहिला होता, धक्का पाहिला नव्हता. आणि आपल्याकडे हा धक्का कधीमधी नाही, रोजचा आहे. शेतीची लाइन, म्हणजे वीज, पाळीनं येते, मध्येच जाते. लाइन गेली की मोटर थांबते, पाणी उलटं फिरतं आणि त्याला मागे जाऊ न देणाऱ्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर आदळतं. बहुतेकांनी स्टार्टरला ऑटो लावलेला असतो, लाइन आली की मोटर आपोआप सुरू होते आणि अर्ध्या रिकाम्या पाइपात हवा दाबत पाणी घुसतं. दिवसातून तीनदा असं झालं तर वर्षाला हजार ठोके होतात. कडक पाइपाचा जोड एका ठोक्यानं जात नाही, हजाराव्या ठोक्याला जातो.

३० डिसेंबर

आजची नोंद सगळ्यात कामाची.

मंडप टाकणारे भाऊ भेटले. त्यांना विचारलं, खुंट्या किती खोल जातात? त्यांनी टेम्पोतून एक काढून हातात दिली. लोखंडी, अंगठ्याएवढी जाड, टोक घासून चकचकीत, मोजली तर अडीच फूट. "घनानं ठोकतो. वादळवाऱ्याचा भरोसा नाई, अर्धी ठोकून कसं चालीन?" बरोबर आहे त्यांचं. मे महिन्याच्या वावटळीत मंडप उडाला तर माणसं जखमी होतात.

अडीच फूट म्हणजे ७५ सेंटिमीटर. आम्ही लॉनमध्ये पाइप टाकतो दीड फुटावर. मग कोणत्याही कंपनीचा, कोणत्याही किलोचा पाइप घ्या, घनानं ठोकलेली खुंटी त्यातून आरपार जाणारच. एका लग्नाला साठ-सत्तर खुंट्या, हंगामात वीस-पंचवीस लग्नं. त्या जुन्या लॉनवर फुटला तो पाइप आदल्या दिवशी खुंटीनं चिरला असेल आणि दाब आल्यावर उघडला असेल, असं आता वाटतं. तुकडा मी फेकून दिला, नाहीतर पाहता आलं असतं.

म्हणून मांडणी कायम ठेवून पाइपांचा मार्ग बदलला. कडेच्या दोन रांगा कुंपणाच्या भिंतीला लागून, भिंतीपासून एका वितीवर. तिथे कुणी खुंटी ठोकत नाही. मधली रांग पेव्हरच्या रस्त्याच्या कडेखाली, रेतीच्या थरात. ब्लॉकमधून खुंटी जात नाही, आणि दुरुस्ती लागली तर चार ब्लॉक उचलले की पाइप हाताशी. मोकळ्या गवताखाली एकही पाइप नाही. तीन रांगांना जोडणारा आडवा पाइप स्टेजच्या ओट्यामागून.

याशिवाय भाऊंशी बोलून चौदा जागा पक्क्या केल्या. तिथे लोखंडी पाइपाचे तुकडे काँक्रीटमध्ये उभे पुरायचे, वरून झाकण. खांब त्यात बसवायचे आणि दोऱ्या बांधायच्या कड्याही तिथेच. भाऊंना हे आवडलं, ठोकाठोकीचा वेळ वाचतो म्हणाले.

४ जानेवारी

आता पाइप कशाचा, हे ठरवायला बसलो. तीन पर्याय होते.

जमिनीखालची ठिबक, सोळा मिलिमीटरची, हा विचार पहिल्याच बैठकीत सोडला. पाणी वाचतं हे खरं, पण नळी संपूर्ण लॉनभर फूट-फूट अंतरावर पुरावी लागते. खुंट्यांच्या जागेत तो पोरखेळ होईल.

पीव्हीसी. स्वस्त, सरळ, हिंगणघाटला कोणत्याही दुकानात मिळतो, गावचा कोणताही माणूस सोल्युशन लावून जोडू शकतो. वाईट पाइप नाही तो. सहा मीटरच्या नळ्या येतात. ९० मीटरला पंधरा नळ्या, म्हणजे चौदा जोड फक्त मुख्य लाइनवर. काळ्या जमिनीत प्रश्न याच जोडांचा आहे. आपली माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आवळते. तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाचं चिकणखनिज आहे, ते पाणी थरांमध्ये धरून ठेवतं. मे महिन्यात वावरात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. भेग पडते तेव्हा एका बाजूची माती नळीला धरून इकडे ओढते, दुसऱ्या बाजूची तिकडे. चिकटवलेला कडक जोड त्या ओढीत वाकत नाही, सुटतो किंवा गळ्याजवळ चिरतो. शिवाय उघड्यावरचा पीव्हीसी ऊन खाऊन ठिसूळ होतो. आमच्या वावरात बाबांनी धुऱ्यावरून उघडा टाकलेला पांढरा पाइप पाचव्या उन्हाळ्यात बंडीचं चाक नुसतं टेकलं आणि पापडासारखा मोडला.

एचडीपीई. काळा, लवचिक, ५० मिलिमीटरचं शंभर मीटरचं एकच बंडल मिळतं, म्हणजे विहिरीपासून लॉनपर्यंत मध्ये एकही जोड नाही. मला इथेच कौल मिळाला. माती ओढेल तेव्हा पाइप थोडा ताणेल, थोडा वळेल. काळा रंग दिसण्यासाठी नसतो. आयएस ४९८४ या भारतीय मानकाप्रमाणे त्यात अडीच टक्क्यांच्या आसपास कार्बन ब्लॅक घातलेलं असतं, ते ऊन अडवतं.

त्याच्याही उणिवा लिहून ठेवतो, नाहीतर काकाजींना एकच बाजू सांगितल्यासारखं होईल. पैसे जास्त लागतात. तापला की ताकद कमी होते: २० अंशांना जो दाब सोसतो त्याच्या सुमारे तीन चतुर्थांशच ४० अंशांना. उन्हात चांगलाच लांबतो. मऊ असल्यामुळे उंदीर-घुशी कुरतडतात, टोकदार गोटा रुतला तर खळगा पडतो. आणि फुटला तर जोडायचं सामान गावात मिळत नाही.

ठरलं ते असं: मुख्य लाइन ५० मिलिमीटर, पीई १०० (एचडीपीईची जास्त ताकदीची प्रत), दहा किलोची. उष्णतेनं पाव भाग कमी झाला तरी साडेसात किलो उरतं, आणि आपला धक्क्यासकट दाब सहाच्या घरात. मधली रांग ४० मिलिमीटर, कडेच्या ३२, दोन्ही आठ किलोच्या. त्यांच्यावर व्हॉल्व्ह उघडल्यावरच दाब येतो.

९ जानेवारी

एका व्यापाऱ्याकडे बंडल पाहिलं, दर बराच खाली. पाइपावर कंपनीचं नाव होतं, आयएसचा आकडा पुसट, परवान्याचा सीएम/एल क्रमांक नव्हताच. तुकडा कापून मागितला. कापलेली कड बोटानं चाचपली तर खरबरीत, आतून बारीक खड्ड्यांची, नाकाजवळ धरली तर जळक्या प्लॅस्टिकचा वास.

दुकानातच बादलीभर पाणी मागितलं आणि तुकडा टाकला. चांगला एचडीपीई पाण्यापेक्षा हलका असतो, तरंगलाच पाहिजे. हा आधी आडवा झाला, मग एका टोकानं कलला आणि सावकाश तळाला जाऊन बसला. म्हणजे भंगाराच्या मालात खडूसारखी भर घातली आहे. व्यापारी म्हणाले, शेतात सगळे हाच नेतात. नेत असतील, आणि त्याच शेतकऱ्याला तिसऱ्या वर्षी पुन्हा नाली खोदावी लागत असेल. खोदाईची मजुरी पाइपाच्या फरकापेक्षा कधीही जास्त होते, हे दुकानात कुणी सांगत नाही याचा मला राग येतो.

१३ जानेवारी

दुसरीकडून बंडल आलं. छपाई ठळक: आयएस ४९८४, पीई १००, पीएन १० (म्हणजे दहा किलोचा), व्यास, तारीख, सीएम/एल क्रमांक. क्रमांक मोबाईलवर भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून पाहिला, परवाना चालू आणि याच मालाचा निघाला.

तरी दोन गोष्टी हातानं केल्या. व्हर्नियरनं भिंतीची जाडी चार ठिकाणी मोजली, ३.१ ते ३.२ मिलिमीटर, कुठे पातळ नाही. त्या जाडीला शंभर मीटरचं वजन ४४ किलोच्या आसपास यायला पाहिजे. जिनिंगच्या काट्यावर चढवलं, साडेचव्वेचाळीस. बादलीतला तुकडा लाकडासारखा वर तरंगत राहिला. काकाजी उकिडवे बसून बराच वेळ त्याच्याकडे पाहत होते. बोटानं खाली दाबायचे, तो परत वर यायचा.

१७ जानेवारी

नाली खोदायला सुरुवात. वावरातली मुख्य लाइन दोन फूट खोल, नांगराच्या फाळाखाली राहील अशी. पावसाची ओल खाली अजून आहे, टिकास सहज बसतं. हेच काम एप्रिलमध्ये केलं तर ढेकळं दगडासारखी निघतात.

२० जानेवारी

आज चूक झाली. मी हिंगणघाटला फिटिंग आणायला गेलो होतो. पोरांनी दुपारी दीडच्या उन्हात बंडल उलगडलं, नालीच्या काठावर ताणून सरळ केलं, कापलं आणि दोन्ही टोकं आवळून बसवायच्या कॉम्प्रेशन जोडांत घट्ट बसवून टाकली. काम नीटस दिसत होतं, मीही संध्याकाळी पाहून काही बोललो नाही.

२१ जानेवारी

सकाळी सहाला गेलो तर विहिरीकडचा जोड सुटून टोक वीतभर मागे सरकलं होतं. पाइप नालीत तारेसारखा ताठ. हिशेब पोरांना तिथेच मातीत काडीनं करून दाखवला. एचडीपीई दर अंशाला दर मीटरमागे जवळपास ०.१८ मिलिमीटर लांबतो. दुपारी उन्हातला काळा पाइप आणि पहाटेचा पाइप यांत तीस अंशांचा फरक धरला तर ९० मीटरला जवळपास अर्धा मीटर. तेवढा तो रात्री आखडायला पाहत होता, मातीच्या घर्षणानं अडवला म्हणून वीतभरावर भागलं. पीव्हीसी याच्या तिसऱ्या हिश्श्यानं आखडतो, म्हणून त्याच्या सवयीनं काम करणाऱ्याला हे लक्षात येत नाही. चूक पोरांची नाही, जाताना मी सांगायला पाहिजे होतं.

कापताना पोरांनी दीड मीटर पाइप जास्तीचा ठेवला होता, तो कामी आला. पाइप परत नालीत टाकला, सापासारखा डावी-उजवी नागमोडी. मधला भाग मातीनं अर्धा दाबला आणि टोकं मोकळी ठेवली. उद्या सकाळी थंड्यात जोडायचं.

२२ जानेवारी

जोडलं.

२४ जानेवारी

लॉनकडच्या टी आणि बेंडचे जोड तव्यावर, म्हणजे विजेवर तापणाऱ्या सपाट पाट्यावर टोकं वितळवून केले. हे काम मला मनापासून आवडतं. दोन्ही टोकं रंध्यानं सपाट करायची, फडक्यानं पुसायची, बोट लावायचं नाही. तवा २१० ते २२० अंशांवर. दोन्ही टोकं त्याला टेकवली की कडेनं काळ्या मेणाची बारीक रेघ उठते. ती सगळीकडून सारखी उठली की तवा काढायचा आणि क्षणभरही न दवडता टोकं एकमेकांवर दाबायची. मग हात लावायचा नाही. थंड होईपर्यंत शिकंज्यातच राहू द्यायचं, वरून पाणी टाकून घाई करायची नाही. चांगल्या जोडाला दोन्हीकडे सारखी गोल कड येते, जणू पोळीची दुमड. एक जोड एका बाजूनं पातळ कडेचा झाला, मध्येच लाइन गेली होती आणि तवा उतरला होता. कापून पुन्हा केला, जनरेटर लावून.

तुषारांना पाइपावर थेट उभं केलं नाही. प्रत्येकाखाली हातभर लवचिक नळी आणि फिरते कोपरे दिले. गवतावर जेवणाच्या सामानाचा ट्रॅक्टर आला आणि चाक तुषारावर चढलं तर तो खाली दबेल, पण धक्का पाइपापर्यंत जाणार नाही.

गेटखालून गाड्या जातात तिथे पाइप अडीच फूट खाली, सिमेंटच्या मोठ्या नळीतून ओवला.

२७ जानेवारी

दाबाची परीक्षा. हातपंपानं साडेसहा किलो चढवला, म्हणजे बंद दाबाच्या दीडपटीहून थोडा वर. तासाभरात काटा ५.९ वर आला आणि काकाजींचा चेहरा उतरला. "गळते कुठंतरी." गळत नव्हतं. एचडीपीई दाबाखाली पहिल्यांदा थोडा फुगतो, म्हणून काटा उतरतो; पीव्हीसीत असं दिसलं असतं तर मी नाली उघडली असती. पुन्हा साडेसहावर नेला, मग हळूहळू उतरणं कमी झालं आणि तिसऱ्यांदा तो दोन तास जागचा हलला नाही. तोवर सगळे जोड उघडे ठेवले होते, प्रत्येकावर कोरडा कागद फिरवून पाहिला.

२ फेब्रुवारी

नाल्या बुजवल्या. पाइपाच्या खाली चार बोटं आणि वर वीतभर बारीक मुरूम-रेती, मग काळी माती. काळ्या मातीची ढेकळं थेट पाइपावर टाकली की सुकल्यावर दगडाचं काम करतात, आणि फुगणारी माती पाइपाला एका बाजूनं रेटते. मध्ये रेती असली की ती रेटारेटी रेतीत जिरते. रेतीच्या थरावर निळी पट्टी अंथरली, पुढे कुणी खोदलं तर आधी ती दिसेल.

विहिरीजवळचा दोन मीटरचा उघडा भाग एचडीपीईत नाही ठेवला. तिथे लोखंडी पाइप, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, जाळीचा फिल्टर आणि सगळ्यात उंच जागी हवेचा व्हॉल्व्ह. ऑटोला वेळ-रिले जोडून घेतला; लाइन आल्यावर दोन मिनिटं थांबून मोटर उठते, तोवर पाइपातलं पाणी शांत होतं.

व्हॉल्व्ह बंद करण्याची रीत माळीकाकांना शिकवली: मनात दहापर्यंत मोजत फिरवायचा. धक्क्याची लाट ९० मीटर जाऊन परत यायला सेकंदभर घेते. त्याहून पुष्कळ सावकाश बंद केला की धक्का नावालाच राहतो. माळीकाका आता मोठ्यानं मोजतात.

२० फेब्रुवारी

हरळीची रोपं लागली. दोन्ही पाळ्या चालवल्या. कोपऱ्यातल्या तुषारापाशी ३.१ किलो.

११ मार्च

रात्री रानडुकरं आली. वावरातल्या लाइनवरची भुसभुशीत माती ओलीच्या वासानं उकरली, टोंगळ्याएवढे खड्डे. निळी पट्टी दोन ठिकाणी वर ओढलेली, पाइप मात्र अजून वीतभर खाली. दीड फुटावर टाकला असता तर उघडा पडला असता. त्या पट्ट्यात माती दाबून वर बाभळीच्या काट्या टाकल्या.

१८ एप्रिल

तपन वाढली. आज दुपारी पारा ४३ वर. बुजवलेल्या लाइनशेजारी सळईनं भोक पाडून दोन फूट खाली थर्मामीटर सोडला: ३२ अंश. याच वेळी उन्हात पडलेल्या उरलेल्या तुकड्याला हात लावला तर धरवत नव्हता. दहा किलोचा पाइप जमिनीखाली आठ-साडेआठचं काम करतो आणि जमिनीवर त्याचा निम्म्याच्या आसपास माल उरतो, हे काकाजींना त्या तुकड्यावर हात ठेवायला लावून सांगितलं.

९ मे

हंगामातलं अकरावं लग्न. मंडपाचे खांब पुरलेल्या नळ्यांतच बसतात. तरी स्वयंपाकाच्या बाजूला एका नवीन पोरानं सवयीनं सहा खुंट्या ठोकल्या. मी तिथेच होतो. पोटात गोळा आला, पण खुंट्या मोकळ्या गवतात होत्या आणि खाली काही नव्हतं. उपटल्यावर भोकांत रेती भरून घेतली.

२४ मे

भेगांचे दिवस. कुंपणाबाहेर वावरात एक भेग मुख्य लाइनला आडवी गेली आहे, हात कोपरापर्यंत जातो. तिथेच तपासणीचा खड्डा केला. खालची रेती जागेवर, पाइप भेगेपाशी जरासा वळलेला, बोटभर. दुमड नाही, खळगा नाही, पांढरट ताण नाही. फडक्यानं पुसून छपाई वाचली, जानेवारीत होती तशीच. पीव्हीसीचा जोड नेमका इथे आला असता तर तो सुटू शकला असता, आणि पाइप फुटल्यावर काय होतं ते त्या दोन वर्षांमागच्या पंगतीनं मला सांगितलंच आहे.

काटा: बंद व्हॉल्व्ह ४.२. तुषारापाशी ३.१.

३ जून

पावसाआधीची शेवटची फेरी. मोटरघराच्या दाराच्या आतून नकाशा लावला, प्लॅस्टिकमध्ये घालून. प्रत्येक रांगेचं भिंतीपासूनचं अंतर, खोली, जोडांच्या जागा, चौदा नळ्या. नकाशाशेजारी खुंटीला पिशवी टांगली: ५० चे दोन, ४० चे दोन, ३२ चे तीन कपलर, रबरी वायसर, बारीक दातांची करवत. हे सामान गावात मिळत नाही, म्हणून वापरलं की लगेच आणून ठेवायचं, असं पिशवीवर लिहिलं.

एक काम राहिलं. स्टेजमागच्या आडव्या पाइपाजवळ घुशीचं बीळ दिसलं आहे. पाऊस पडायच्या आत तेवढा दीड मीटर उघडून लोखंडी जाळीत गुंडाळायचा आहे. उद्या सकाळी सातला जातो, काकाजींना फोन केला आहे.